वॉशिंग मशीनचं कार्ड खरंच रिपेअर होतं – तपकीर गल्लीतल्या या दुकानाचा अनुभव

वॉशिंग मशीन पूर्ण डेड झालंय आणि सर्व्हिसवाल्याने "कार्ड गेलंय, नवीन टाकावं लागेल" असं सांगितलंय (कार्ड म्हणजे मशीन चालवणारी आतली इलेक्ट्रॉनिक सर्किटची पट्टी), तर नवीन कार्डाचे पैसे भरायच्या आधी एकदा इथे या. दुकान पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत आहे, वरच्या मजल्यावर, काका आणि त्यांची मुलगी मिळून चालवतात आणि फक्त कार्डंच रिपेअर करतात, वॉशिंग मशीनची, एसीची, फ्रीजची. मशीन उचलून आणावं लागत नाही, कार्ड काढून आणायचं.

आमचं मशीन फ्रंट लोड, सात किलोचं, आठेक वर्षं जुनं. एका संध्याकाळी लाईट जाऊन आली, घरातले दिवे एकदम भगभगीत पेटले आणि त्यानंतर मशीनवर एकही लाईट नाही, बटण दाबलं तरी आवाज नाही, काही नाही. कंपनीचा माणूस आला, त्याने प्लग बदलून बघितला, मागचं कव्हरसुद्धा न उघडता सांगितलं की कार्ड गेलं, साडेआठ हजार होतील, मागवावं लागेल, आणि एवढे घालण्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवीनच घ्या ना. व्हिजिट चार्ज घेऊन गेला. मोटर चांगली, ड्रम चांगला, बेअरिंगचा आवाज नाही, आणि हाताएवढ्या एका कार्डापायी अख्खं मशीन भंगारात द्यायचं हे मला काही केल्या पटेना. मग बहिणीने या दुकानाचा नंबर दिला, तिच्या एसीचं कार्ड इथेच झालं होतं.

फोनवर काकांनी पहिल्यांदा विचारलं ते मॉडेल नाही, तर "त्या दिवशी घरात अजून काय काय उडालं?" उडालं होतं खरं, वायफायचा अडॅप्टर आणि किचनमधला एक एलईडी बल्ब. ते म्हणाले, "मग ताई, कार्ड तर आणाच, पण बिल्डिंगचा न्यूट्रल बघून घ्या आधी." तेव्हा मला याचा अर्थ लागला नाही, तो पुढे सांगते.

कार्ड काढताना काय करायचं तेही त्यांनीच नीट सांगितलं. प्लग काढून ठेवायचा, नुसतं बटण बंद करून चालत नाही, आणि थोडा वेळ थांबायचं कारण आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. आपली लाईन २३० व्होल्टची असली तरी रेक्टिफाय झाल्यावर, म्हणजे एसीचा डीसी झाल्यावर, त्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत डीसी असतो, त्यामुळे कार्डाच्या मागच्या बाजूला बोट लावायचं नाही. प्रत्येक कनेक्टर काढायच्या आधी फोटो काढायचा. आणि डिस्प्लेचं कार्ड वेगळं असेल तर तेही बरोबर आणायचं, कारण बऱ्याच मशीनमध्ये मेन कार्ड एकट्याने चालूच होत नाही, टेस्टिंग कसं करणार. हे सगळं माझ्या नवऱ्याने अर्ध्या तासात केलं, स्क्रू ड्रायव्हरपलीकडे काही लागलं नाही.

दुकानात टेबलावर काम करते ती मुलगी. समोर बसून बघायला हरकत नाही म्हणाली म्हणून मी बसले, आणि या रिव्ह्यूचं खरं कारण तेच आहे कारण इतकं व्यवस्थित काम मी फार कमी ठिकाणी बघितलंय. तिने आधी नुसतं बघितलं. काचेचा फ्यूज आतून काळाकुट्ट झाला होता. म्हणाली फ्यूजची तार नुसती तुटलेली असेल तर एक वेळ साधं कारण असू शकतं, पण काच अशी काळी झाली म्हणजे पुढे कुठेतरी डेड शॉर्ट आहे, नुसता फ्यूज बदलून लावला तर तोही त्याच क्षणी उडणार. फ्यूजच्या शेजारी एक निळी चकती असते, एमओव्ही म्हणतात, ती फुटून तिची काजळी प्लास्टिकच्या डब्याला लागली होती. तिच्यावर ४७१ लिहिलेलं असतं, म्हणजे ४७ वर एक शून्य, ४७० व्होल्ट. नेहमीचं व्होल्टेज असेल तोपर्यंत ती चकती गप्प बसते, व्होल्टेज फार चढलं की ती स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवते आणि पुढचं सामान वाचतं.

आमच्या कार्डात सगळं वाचलं नव्हतं. मल्टीमीटर बीपवर ठेवून ती एकेक पार्ट तपासत गेली. एसीचा डीसी करणाऱ्या चार डायोडपैकी (४००७ नंबरचे) एक दोन्ही बाजूंनी बीप देत होता, म्हणजे शॉर्ट. मोठा कपॅसिटर ४०० व्होल्टचा, त्याचं डोकं फुगलेलं. आणि पॉवर सप्लायची आठ पायांची आयसी, जी ३२५ व्होल्टपासून कार्डाला लागणारे १२ व्होल्ट तयार करते, ती पण शॉर्ट. त्याच्या पुढे ती लगेच गेली नाही. आधी खालच्या बाजूला १२ आणि ५ व्होल्टच्या लाईनवर शॉर्ट नाही ना ते बघितलं, कारण ५ व्होल्टवर मशीनचा मायक्रोकंट्रोलर चालतो आणि तो गेला असेल तर ते लोक काम घेतच नाहीत. त्या चिपमध्ये कंपनीचा प्रोग्राम असतो, बाजारातून कोरी चिप आणून बसवली तर मशीनला काहीच कळणार नाही. हे त्यांनी पार्ट बदलायच्या आधी सांगितलं, पैसे घेतल्यावर नाही.

पार्ट बदलले. जुनं सोल्डर पंपाने ओढून काढलं, जळक्या जागेची काजळी ब्रशने आणि आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुतली कारण काजळीतून करंट पळतो म्हणे, ४०० व्होल्टच्या जागी ४५० व्होल्टचा, १०५ डिग्रीवाला कपॅसिटर टाकला. ड्रेन पंप आणि पाण्याच्या व्हॉल्व्हचे ट्रायाक, म्हणजे त्यांना चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, तपासले. रिलेच्या पायांशी सोल्डरला बारीक गोल तडा होता, मला भिंगातून दाखवला, तोही भरून घेतला. त्याचा आमच्या फॉल्टशी संबंध नव्हता पण सहा महिन्यांनी त्यानेच त्रास दिला असता.

मग चालू करून बघायची पद्धत, ही मला सगळ्यात आवडली. कार्ड थेट लाईनला लावत नाहीत. मध्ये जुना पिवळा १०० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये असतो. अजून कुठे शॉर्ट राहिला असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि कार्ड वाचतं, सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर पेटून विझतो. इथे एलईडी बल्ब चालत नाही, फिलामेंटवालाच लागतो. आमचा बल्ब पेटला, विझला, तिने प्रोब लावले, १२ आले, ५ आले, आणि टेबलावर ठेवलेल्या डिस्प्लेने ती ओळखीची ट्यून वाजवली. मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या.

काकांकडे एक जाड वही आहे. कंपन्या या कार्डांचं सर्किट डायग्राम बाहेर देत नाहीत, म्हणून जे जे कार्ड येतं त्याचं सर्किट ते हाताने काढून ठेवतात, कुठल्या पायावर किती व्होल्ट यायला हवेत ते लाल पेनाने. आमच्या मॉडेलचं पान आधीपासून होतं. केंद्र सरकारने २०२२ मध्ये राईट टू रिपेअरसाठी, म्हणजे आपली वस्तू दुरुस्त करून घेण्याच्या हक्कासाठी, कमिटी नेमली, मग पोर्टल पण काढलं, चांगलंच आहे, पण मॅन्युअलमध्ये छोट्यातल्या छोट्या पार्टपर्यंतचं सर्किट मिळेल तेव्हा अशा माणसांचं काम खरं सोपं होईल. तोपर्यंत ती वही फार मोलाची आहे असं मला मनापासून वाटतं.

आता न्यूट्रलचं. बिल्डिंगमध्ये तीन फेज येतात आणि प्रत्येक फ्लॅटला एक फेज आणि सगळ्यांचा मिळून न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची तार. तो न्यूट्रल कुठे सैल झाला किंवा तुटला की दोन फेजवरचे फ्लॅट एकमेकांशी सिरीजमध्ये येतात आणि दोन फेजमधले ४०० व्होल्ट दोघांत वाटले जातात, तेही सारखे नाही, ज्याच्याकडे लोड कमी त्याच्याकडे व्होल्टेज जास्त. म्हणजे ज्याच्या घरात एसी गिझर चालू तो वाचतो आणि ज्याच्या घरात फक्त दोन दिवे आणि स्टँडबायवरचं मशीन त्याचं सामान उडतं. आम्ही सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला मीटर रूम उघडायला लावली, न्यूट्रलचा लग, म्हणजे तारेच्या टोकाचा धातूचा जोड, सैल होऊन काळा पडला होता. तो बदलेपर्यंत काकांनी आम्हाला मशीनला कार्ड लावू दिलं नाही, फोन करून विचारलं, झालं का. साडेआठ हजाराचं नवीन कार्ड आम्ही लावलं असतं तर तेही त्याच लगवर बसलं असतं, आणि हे विचारायचं त्या कंपनीच्या माणसाला सुचलं नव्हतं.

खर्च सगळा मिळून १,४०० रुपये. त्यात पार्ट फार तर दोनशेचे असतील, बाकी कामाचे, आणि माझ्या मते ते रास्त आहेत कारण इथे पैसे डोक्याचे आहेत. चेकिंगचे २०० घेतात आणि काम झालं तर त्यातच धरतात. वॉरंटी तीन महिने, तोच फॉल्ट परत आला तर.

कमी काय ते पण लिहिते. जिना अंधारा आणि अरुंद आहे, गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी कुणाला तरी पाठवा. गाडी लावायला तिथे जागा मिळत नाही, लांब लावून चालत या. दुपारी फोन उचलत नाहीत. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, मागा, त्यावर कुठले पार्ट बदलले ते लिहून घ्या. टॉप लोडच्या कार्डाला वेळ आणि पैसे जास्त लागतात कारण दमटपणापासून वाचवायला त्यावर जाड पारदर्शक जेल ओतलेलं असतं, ते कापून काढल्याशिवाय पार्टपर्यंत पोचताच येत नाही. माझ्यासमोर एकांचं कार्ड परत दिलं, आत झुरळांनी घर केलं होतं आणि तांब्याच्या रेषाच खाल्ल्या गेल्या होत्या, त्यांना स्पष्ट सांगितलं की यात पैसे घालू नका.

एक विनंती, दुसरीकडे कुठे काम करून घेतलंत तर एमओव्ही बसवलाय ना ते बघा. काही जण फुटलेला एमओव्ही कापून टाकतात आणि फ्यूजच्या जागी तार लावतात, मशीन चालतं पण पुढच्या वेळी मध्ये अडवणारं कुणीच नसतं आणि आग लागायची भीती राहते.

पुण्याबाहेरचे लोक कार्ड कुरिअरने पाठवतात. पुठ्ठ्याच्या घट्ट खोक्यात, वरून दाब येणार नाही असं पॅक करा, आणि आत चिठ्ठी टाका, मशीन नेमकं कसं बंद पडलं, तेव्हा लाईटचं काय झालं होतं, घरातलं अजून काय उडालं. मॉडेल नंबरपेक्षा त्या चिठ्ठीचा त्यांना जास्त उपयोग होतो.