साठ रुपयांच्या कार्बनचे २,३५० रुपये

आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) १,४५०, फील्ड कॉईल (त्याभोवतीची स्थिर गुंडाळी) ६००, मजुरी ३००. दुरुस्तीच्या दुकानात एकूण २,३५० रुपये मोजले, तेही रोख. मशीन चार इंची ग्राइंडर, आणि बिघाड एवढाच की कार्बन, म्हणजे आर्मेचरला करंट पोचवणारे झिजते ठोकळे, संपले होते. जोडी ६० रुपयांना मिळते. कार्बन म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही, म्हणून तर जास्त लाज वाटते. पण ग्रिलचं काम अर्धवट, दोन माणसं बसून. अशा वेळी "लवकर करून द्या" एवढंच तोंडातून निघतं.

ग्राइंडर चालता चालता गपकन बंद पडला. धूर नाही, वास नाही. इथेच ओळखायला हवं होतं! आर्मेचर जळतं तेव्हा वार्निशचा उग्र वास सुटतो, मशीन तापतं, कम्युटेटरभोवती (आर्मेचरवरचं तांब्याच्या पट्ट्यांचं कडं, ज्यावर कार्बन घासतात) ठिणग्यांचं कडं फिरतं. असं निमूट बंद पडणं हे ऑटो-स्टॉप कार्बनचं काम. त्याच्या पोटात स्प्रिंगवर प्लास्टिकची पिन असते. कार्बन झिजला की पिन बाहेर येते, कार्बनला कम्युटेटरवरून उचलते आणि करंट तुटतो. दुकानदाराने कार्बन काउंटरवर ठेवला तेव्हा ती पांढरी पिन तोंडातून बाहेर आलेली मी बघितली. त्याने फडक्याखाली तो सरकवला आणि म्हणाला, "शेठ, आर्मेचर गेलंय." मी मान डोलावली.

जुना पार्ट मागितला तर "भंगारात गेला". चार दिवसांत ठिणग्या उडायला लागल्या म्हणून उघडलं. आत तेच आर्मेचर, पंख्याचं तुटकं पातं सुद्धा तेच. नव्या कम्युटेटरचं तांबं एकसारखं चकाकतं; याच्यावर काळपट पट्टा आणि नखाला लागणारी खाच. नवे होते फक्त कार्बन, तेही लोकल, होल्डरमध्ये खुळखुळणारे.

चौकीत म्हणाले, हा दिवाणी मामला. सर्व्हिस सेंटर म्हणालं, बाहेर उघडलंय, वॉरंटी विसरा. बरं, आर्मेचर जुनंच आहे एवढं तरी लिहून द्या? "तशी पद्धत नाही." पुन्हा चौकीत गेलो तर साहेब बंदोबस्तावर. दुकानदार वर तोंड करून विचारतो, बिल कुठंय? बिल त्यानेच दिलं नव्हतं! १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, हे सगळं ठाऊक आहे. पण हातात कागद नको?

तेव्हा बिल आधी, पैसे नंतर. जुना पार्ट हातात आल्याशिवाय दुकान सोडू नका. त्याच्याही आधी मशीनचा प्लग सॉकेटमधून काढून कार्बन स्वतः बघा. बऱ्याच मशीनना दोन्ही बाजूंना टोप्या असतात, चपट्या स्क्रूड्रायव्हरने निघतात. झिजेच्या रेघेपर्यंत आला असेल, किंवा रेघ नसेल आणि ५-६ मिमी उरला असेल, तर दोन्ही बदला, एकच कधीच नाही. माप जुन्यावरूनच घ्या. होल्डरमध्ये सहज सरकला पाहिजे, पण डुलता कामा नये. मशीन चालू असताना कार्बनच्या कडेला बारीक निळी ठिणगी चालते. आर्मेचरबद्दल कुणी घाबरवलं तर मल्टिमीटर लावायला सांगा: कम्युटेटरच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांत रीडिंग सारखं यायला हवं, पट्टी आणि शाफ्टमध्ये अजिबात यायला नको. कम्युटेटर काळा पडला असेल तर बारीक झिरो पेपरने (अगदी बारीक घासकागद) घासा, एमरी पेपर नको, आणि खाचांतली पूड फुंकून काढा. नवे कार्बन टाकल्यावर दहा मिनिटं लोड न देता चालवा, कार्बनचं तोंड कम्युटेटरवर नीट बसतं.