युंगफ्राउयोख: आधी ढग बघा, मग तिकीट काढा

स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउ रेल्वेला नावं ठेवायला जागा नाही. आयगर आणि म्योंख या डोंगरांच्या पोटातून सात किलोमीटरहून लांब बोगदा खणून १९१२ साली ही दातेरी रुळांची गाडी ३,४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोख खिंडीत पोहोचली, आणि आजही घड्याळाच्या काट्यावर धावते. प्रश्न आहे तो पैसे वसूल होण्याचा. उन्हाळ्यात पायथ्याच्या इंटरलाकेन गावाहून जाऊन-येऊन पूर्ण तिकीट माणशी २०० फ्रँकच्या वर जातं आणि वर ढग असले तर समोर नुसता पांढरा पडदा दिसतो. म्हणून तारीख आठवडाभर आधी पक्की करू नका. सकाळी उठल्यावर युंगफ्राउयोखवरच्या स्फिंक्स या निरीक्षण गच्चीचा थेट कॅमेरा मोबाइलवर बघा, आकाश मोकळं असेल तरच तिकीट काढा. गर्दीच्या महिन्यांत त्याच वेळी आसनही राखून घ्या, त्याचे पैसे वेगळे पडतात. उन्हाळ्यात दुपारनंतर ढग चढतात, तेव्हा पहिल्या गाड्या गाठा.

स्विस ट्रॅव्हल पास (पर्यटकांसाठीचा देशभरच्या गाड्यांचा पास) असला म्हणजे वरपर्यंत फुकट, हा गैरसमज आहे. पास वाटेवरच्या ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेन या गावांपर्यंतच चालतो, पुढे २५ टक्के सवलत. हाफ फेअर कार्डावर मात्र निम्मं भाडं लागतं. राहणं थोड्या दिवसांचं असेल तर दोन्हींचा हिशेब मांडूनच ठरवा.

इंटरलाकेन ओस्ट (पूर्व) स्टेशनवर डबा नीट बघून बसा. ट्स्वायल्युचिनेन स्टेशनवर गाडीचे दोन भाग होतात, एक लाउटरब्रुनेनला जातो, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. उतरायचं ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलला, म्हणजे गावाच्या एक स्टेशन आधी. तिथून २६ आसनांची आयगर एक्स्प्रेस गोंडोला १५ मिनिटांत आयगरग्लेचर स्टेशनला नेते. वाटेत आयगरचा उत्तर कडा अगदी जवळून दिसतो.

तिथे युंगफ्राउ रेल्वेत बसायचं, पुढे बोगदाच. वर जाताना गाडी बोगद्यातल्या आइसमेअर स्टेशनवर पाच मिनिटं थांबते. खडकात कोरलेल्या खिडक्यांतून हिमनदीच्या भेगा दिसतात. डब्यात बसून राहू नका. वर पोहोचल्यावर आधी लिफ्टने स्फिंक्स गाठा आणि वीस किलोमीटरहून लांब आलेच हिमनदी डोळे भरून बघा. हिमनदीत कोरलेला बर्फाचा महाल नंतर, कारण त्याला ढग आडवे येत नाहीत. तिथली जमीनही बर्फाचीच, गुळगुळीत तळाचे बूट हमखास घसरतात.

या उंचीवर समुद्रसपाटीच्या मानाने प्राणवायू साधारण दोन तृतीयांशच मिळतो. गाडी झटपट वर नेते, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. जिने सावकाश चढा, पाणी पीत राहा. डोकं गरगरलं की लगेच खालची गाडी धरा, तोच उपाय. हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांनी आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं. गडद गॉगल हवाच.

उतरताना गोंडोला नको. आयगरग्लेचर ते खालचं क्लाइने शायडेग स्टेशन ही पाऊण-एक तासाची उताराची पायवाट बर्फ वितळल्यावर खुली असते. ती चाला, मग गाडीने वेंगेनमार्गे खाली या.

आणि वर ढग असतीलच, तर मेनलिखेन या जवळच्या डोंगरावर जा. तिथून क्लाइने शायडेगपर्यंत साडेचार किलोमीटरची जवळपास सपाट वाट आहे, दीड तास पुरतो. शिखरांचे माथे झाकलेले असले तरी खालचं ग्रिंडेलवाल्डचं खोरं बहुतेक वेळा दिसतं, तेही कितीतरी कमी पैशांत.