क्रुसेडर किंग्ज ३ : खानदेशातून खेळताना इतिहास किती खरा वाटतो

क्रुसेडर किंग्ज ३ हा मध्ययुगातलं राजघराणं पिढ्यानपिढ्या चालवण्याचा संगणकावरचा गेम. तो घेऊन आता बरेच महिने झाले. चाळीसगावकडचे दोघे-तिघे मित्र भेटले की एकच विचारतात, ह्यातला इतिहास खरा आहे का रे भो? म्हणून जरा सविस्तर लिहितो. चित्रं, संगीत उत्तमच आहे, त्यावर वेगळं सांगत बसत नाही.

राजांची नावं आणि सनावळ्या पाहिल्या तर काम मनापासून केलेलं दिसतं. खेळ कोणत्या सालापासून सुरू करायचा ते आपण ठरवतो; ८६७ ची सुरुवात निवडली तर राष्ट्रकूटांच्या गादीवर अमोघवर्ष असतो, १०६६ निवडली तर चालुक्य सोमेश्वर पहिला. दोन्ही अगदी बरोबर. नंतरच्या एका अपडेटने ११७८ हीही सुरुवात दिली. भिल्लम पाचवा देवगिरीला यादवांचं स्वतंत्र राज्य उभारतो, त्याच्या थोडं आधीचा हा काळ.

मी जास्त करून १०६६ च खेळतो, चालुक्यांच्या उत्तरेकडच्या एखाद्या छोट्या मांडलिकाला घेऊन. कारण त्या काळचा पुरावा आपल्या गावाशेजारीच आहे. वाघळीचा शिलालेख शके ९९१ चा, म्हणजे १०६९ चा. गेम सुरू होतो त्यानंतर अवघ्या तीन वर्षांचा! त्यात मौर्य कुळातला गोविंदराज आहे, त्याच्या वर यादव सेऊणचंद्र, आणि यादव स्वतः चालुक्यांचे मांडलिक. ही उतरंड गेममध्ये नीट बसते.

त्याहून खरी वाटते ती गटबाजी. सोमेश्वर पहिल्याने १०६८ मध्ये तुंगभद्रेत जलसमाधी घेतली. गादी त्याचा थोरला मुलगा सोमेश्वर दुसरा याला मिळाली आणि १०७६ मध्ये धाकट्या भावाने, विक्रमादित्याने, ती हिसकावली. त्याला गादीवर बसवण्यात सेऊणचंद्राचा हात होता, असं यादवांचा मंत्री हेमाद्री याने लिहिलेल्या प्रशस्तीत येतं. गेममध्ये हेच करता येतं: नाराज मांडलिक एकत्र येतात, राजाच्या भावाचा हक्क पुढे करतात, बळ पुरेसं झालं की राजाला निर्वाणीचा निरोप जातो. कोण कोणावर का रुसलाय, कोणाची मुलगी कोणाकडे दिली आहे, यावर सगळं ठरतं. शाळेत आपण लढायांच्या तारखा पाठ केल्या. मांडलिकाला त्या लढाईत काय दिसत असेल, ते मला इथे पहिल्यांदा कळलं.

वारशाचा कायदा मात्र खटकतो. सुरुवातीच्या काळात बहुतेक ठिकाणी वाटणीच लागू असते. राजा गेला की मुलांमध्ये किताब वाटले जातात आणि राज्याचे तुकडे पडतात. फ्रँकांचा सम्राट शार्लमेन याच्या नातवांनी ८४३ मध्ये वर्दुनच्या तहाने असंच केलं होतं, युरोपसाठी ते ठीक. दख्खनमध्ये युवराज नेमला जायचा, भावांना प्रांत सांभाळायला मिळायचे, आणि शेवटचं भांडण व्हायचं ते अख्ख्या गादीसाठी. त्यामुळे चालुक्यांचं राज्य दर पिढीला फुटताना पाहिलं की मन लागत नाही.

सगळ्यात मोठी उणीव मला देवळं आणि मठांची वाटते. गेममध्ये देऊळ म्हणजे जिल्ह्यातली एक वसाहत, किल्ला किंवा शहर असतं तशी. ती बांधायची, वाढवायची, तिच्यातून उत्पन्न आणि माणसं मिळवायची. आता चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख बघा, शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि तिथल्या निकुंभ राजांनी त्याला दान दिलं. शेवटचा मजकूर जुन्या मराठीत आहे: पाटणच्या बाजारात माल विकला गेला की गिऱ्हाईकाकडून राजाला जे येणं असे ते मठाला, तेलाच्या घाण्यांवरचंही मठाला. म्हणजे राजा आपल्या खजिन्यात येणारा पैसा कायमचा सोडून देतोय. त्याबदल्यात त्याला पुण्य मिळतं, विद्वान मिळतात, नाव मिळतं. हा व्यवहार गेममध्ये कुठेच नाही, आणि त्याच्याशिवाय बाराव्या-तेराव्या शतकातलं राज्य कसं चालायचं ते समजतच नाही. युरोपातल्या बिशपांसाठी केलेली मांडणी इथे आणून ठेवली आहे, एवढंच.

तरी घ्यावा का? घ्यावा. इतिहासाची आवड असेल तर नक्की. फक्त इंग्रजी बरंच वाचावं लागतं, मराठी किंवा हिंदी पर्याय नाही. वेगळे पैसे देऊन मिळणारे जादा भाग एकदम विकत घेऊ नका, मूळ गेमच कितीतरी दिवस पुरतो. आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे मध्ये दुपारी लॅपटॉप फार तापतो, तेव्हा रात्री खेळा.

गेमच्या फायली साध्या मजकुरात असतात, त्यामुळे बदल करणं अवघड नाही. मी सध्या पाटण्याच्या मठासाठी एक छोटा मोड (खेळणाऱ्याने स्वतः गेममध्ये घातलेला बदल) लिहितोय: बाजाराचं उत्पन्न कमी होईल, पण दरबारात विद्वान येतील आणि आजूबाजूच्या राजांमध्ये मान वाढेल. बळसाणे किंवा चांगदेव या गावांतल्या देवळांच्या दानांबद्दल कोणी वाचलं असेल तर जरूर कळवा, तीही त्यात घालायची आहेत.