घरी बांधलेल्या गाडीतील इलेक्ट्रॉनिक स्पीडोमीटर : आठ महिन्यांचा अनुभव

घरच्या शेडमध्ये बांधलेल्या दोन आसनी गाडीत मी पाडव्याला इलेक्ट्रॉनिक स्पीडोमीटर बसवला. गाडीची नोंदणी नसल्यामुळे ती शिरोली एमआयडीसीतील मित्राच्या फाउंड्रीच्या आवारातच फिरते.

एका किलोमीटरला किती पल्स (सेन्सरकडून येणारे विजेचे ठोके) येतात, एवढाच आकडा हा मीटर मागतो. मागच्या चाकाच्या डिस्कच्या चार बोल्टांसमोर सेन्सर असल्याने चाकाच्या एका फेऱ्याला चार पल्स मिळतात. टायर १७५/६५ आर १४, म्हणजे व्यास सुमारे ५८३ मिलिमीटर आणि परीघ १.८३ मीटर, असा हिशेब करून मी २१८३ हा आकडा भरला आणि तिथेच फसलो. गाडीचे वजन पडल्यावर टायर जमिनीशी दबतो व एका फेऱ्यात कागदावरच्या परिघापेक्षा कमी अंतर कापतो. मग टायरवर खडूची रेघ ओढली, मित्राला चालकाच्या जागी बसवले आणि गाडी ढकलत चाकाचे दहा फेरे पूर्ण केले, टेपवर १७.७५ मीटर भरले. त्यावरून आकडा २२५४ आला. म्हणजे आधी खरा वेग ४० असताना मीटर ४१ च्या वर दाखवत होता. टेपने आखलेल्या २०० मीटरवर तीन वेळा गाडी नेऊन पल्स मोजले, तेव्हा दर वेळी ४५० ते ४५१ मिळाले आणि माझे समाधान झाले.

खरा त्रास सेन्सरने दिला. सुरुवातीला चाकावर चुंबक आणि ते जवळून गेले की पल्स देणारा हॉल सेन्सर लावला होता. फाउंड्रीच्या आवारात पंधरा दिवसांतच चुंबकांवर लोखंडी चुऱ्याची दाढी वाढली. म्हणून थेट बोल्ट ओळखणारा इंडक्टिव्ह सेन्सर घेतला आणि उद्यमनगरातून जाड पट्टीचा ब्रॅकेट करून आणला, कारण आधीची पातळ पट्टी थरथरत असे. तरीही एके दिवशी ४० च्या वेगाला काटा ३० वर येऊन स्थिरावला. बरोबर एक चतुर्थांश घट दिसल्यावर चारपैकी एक बोल्ट निसटतो आहे हे लक्षात आले. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातल्यावर तीन बोल्टांशी फट एक मिलिमीटर आणि चौथ्याशी जवळपास दोन निघाली, कारण त्याचे डोके किंचित खाली बसले होते. बोल्ट बदलला, तो ढिला होऊ न देणारा चेकनट आवळला, आणि भर पावसाळ्यातही तक्रार आली नाही.

इंजिनाचे आरपीएम वाढताच काटा उडायचा, तो स्पार्क प्लगच्या वायरींचा दोष होता. सेन्सरची शिल्डेड (धातूच्या जाळीचे आवरण असलेली) केबल त्यांच्यापासून दूर नेऊन तिची जाळी मीटरच्या बाजूलाच अर्थ केल्यावर काटा शांत झाला. दहाच्या खाली मात्र तो अजूनही टप्प्याटप्प्याने सरकतो. सेकंदाला सहाच पल्स येत असताना याहून अधिक अपेक्षा मी करत नाही.

टायरची नक्षी ८ मिलिमीटरवरून १.६ पर्यंत झिजेल, तेव्हा व्यास सुमारे दोन टक्क्यांनी घटेल आणि मीटर तेवढाच जास्त वेग दाखवू लागेल. त्यासाठी २०० मीटरच्या दोन्ही टोकांना रस्त्यावर ऑइलपेंटच्या पट्ट्या कायमच्या ओढून ठेवल्या आहेत.