कान्हेरी : चैत्यगृहापाशी थांबू नका

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेणी या हिवाळ्यात मी दोनदा पाहिली. पहिल्यांदा पैसे भरून एका सहलीबरोबर आणि नंतर एकट्याने. सहलीच्या जाहिरातीत ‘पुरातत्त्व’ हा शब्द ठळक होता, म्हणून तिच्याविषयी थोडे लिहिणे भाग आहे.

कार्ल्याच्या धर्तीवरचे, ३४ खांबांचे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह, सहलीत नीट दाखवले गेले. ओसरीतील सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्तींसमोर छायाचित्रे झाली, अकराव्या लेण्यातील दगडी बाक पाहून झाले आणि दोन तासांत मंडळी बसपाशी परतली. मात्र चैत्यगृहासमोर १८३९ साली जेम्स बर्ड यांनी जो स्तूप उकरला आणि ज्यातून त्रैकूटक राजघराण्याच्या संवत २४५ चा, म्हणजे इसवी सन ४९४-९५ चा ताम्रपट निघाला, त्याचा उल्लेखही झाला नाही.

दुसऱ्या खेपेस मी थेट वरच्या अंगाला, ८७ क्रमांकाच्या लेण्याकडे गेलो. तिथे कड्याखालच्या लांबट कपारीत विटांच्या स्मारकस्तूपांचे अवशेष आहेत. पुरालेखतज्ज्ञ शोभना गोखले यांनी वाचलेल्या लेखांमुळे हे स्तूप येथील थेरांचे, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंचे, असल्याचे कळते. शंभरांहून अधिक लेण्यांच्या या नांदत्या वस्तीने आपल्या मृतांसाठीही जागा राखली होती, हे त्या झिजलेल्या विटांपाशी उभे राहिल्यावर जितके जाणवते तितके खालच्या भव्य मूर्तींसमोर जाणवत नाही. वाटेत खोल्याखोल्यांलगतची पाण्याची टाकी पाहावीत. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे, आणि छतावरून कोरलेल्या पन्हळींनी पावसाचे पाणी त्यांत कसे उतरवले जाई, हे आजही स्पष्ट दिसते. नव्वदाव्या लेण्यात १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी मंडळींनी पहलवी या जुन्या इराणी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. भिंतींवर नावे लिहिणाऱ्या आजच्या पर्यटकांना हा पुरावा न दाखवलेलाच बरा.

जागेला मी पाचपैकी पाच गुण देईन, त्या सहलीला दोन. सोमवार टाळून सकाळी लवकर निघावे, लेण्यांसाठी वेगळे तिकीट काढावे लागते हे ध्यानात ठेवावे आणि पिण्याचे पाणी खालूनच न्यावे. खाऊची पिशवी मात्र हातात दिसू देऊ नये, कारण चैत्यगृहाच्या पायऱ्यांवरची माकडे तिचीच वाट पाहत असतात.