बंद पडलेली जुनी जावा-येझदी: पॉइंटच ठेवायचे की सीडीआय किट टाकायचं?

जुनी जावा, येझदी किंवा सहा व्होल्टवाली बुलेट किक मारून मारून सुरू होत नाही म्हटलं की मुंबईत दोन प्रकारचे सल्ले मिळतात, एक जण म्हणतो पॉइंट घासून घ्या, कंडेन्सर बदला, पळेल, आणि दुसरा म्हणतो हे सगळं काढून फेका, सीडीआय बसवा, कटकटच मिटेल. पॉइंट म्हणजे स्पार्क पाडण्यासाठी करंट उघड-बंद करणारा छोटा स्विच, कंडेन्सर त्या स्विचवरची ठिणगी आवरतो, आणि सीडीआय म्हणजे पॉइंटचं काम करणारा इलेक्ट्रॉनिक डबा. दोघंही खरंच बोलतायत. फक्त कोणाला काय लागू पडतं ते बघावं लागतं, आणि त्याच्याही आधी एक गोष्ट अगदी ठाम सांगतो, गाडी बंद असताना किट विकत घेऊ नका. आधी आहे त्या पॉइंटवर तिला एकदा चालू करा, मग निवांत ठरवा.

कारण किट फक्त करंटचा प्रश्न सोडवतं, आणि बरेच महिने उभ्या असलेल्या गाडीत भानगड बऱ्याचदा पेट्रोलची असते. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा कशी असते ते मुंबईकराला सांगायला नको, सोसायटीच्या कंपाउंडमध्ये कव्हर घालून ठेवली तरी टाकीच्या तळाशी पाणी आणि गंज जमतो, जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर फुगतात आणि तोच कचरा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. अशा गाडीला कितीही महागडं किट लावा, ती तशीच उभी राहणार.

म्हणून पहिलं काम, थोड्या किक मारा आणि प्लग काढून बघा. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचतच नाहीये, मग पेट्रोलचा कॉक, टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक (हे बुजलेलं असतं आणि कोणी बघतच नाही), कार्ब्युरेटरमधला फ्लोट, जेट या क्रमाने जा. प्लग भिजलेला असेल तर पेट्रोल येतंय, आता करंट बघायचा. प्लग पुसून कॅपमध्ये घाला, त्याची बॉडी हेडला नीट टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब हं, तिथून पेट्रोलची वाफ येते, आणि सावलीत किक मारा. निळा, कडक, टचकन आवाज करणारा स्पार्क आला तर करंटला दोष देऊ नका, तुमचा प्रॉब्लेम टायमिंग (स्पार्क पडायची वेळ), कॉम्प्रेशन, क्रँकची ऑइल सील किंवा कार्बनने तुंबलेला सायलेन्सर यांच्यापैकी कुठेतरी आहे. जावा-येझदीच्या त्या दोन सायलेन्सरमध्ये इतका कार्बन साठतो की इंजिनाचा श्वासच कोंडतो. स्पार्क पिवळट, मरगळलेला किंवा अजिबात नाही, तरच पॉइंट की सीडीआय हा प्रश्न खरोखर तुमचा आहे.

तिथेही आधी बॅटरी. जावा-येझदीला प्लगला स्पार्क देणाऱ्या कॉइलचा करंट बॅटरीतून जातो, बॅटरी मेली तर स्पार्क मेला. सहा व्होल्टची चांगली चार्ज बॅटरी मीटरवर साधारण ६.३ दाखवते, सहाच्या खाली असेल तर पॉइंटला हात लावू नका, आधी चार्जिंगला टाका. बॅटरी ठीक असेल तर पॉइंट उघडून बघा, पावसाळाभर उभ्या गाडीच्या पॉइंटवर बारीक ऑक्साइडचा थर येतो, डोळ्याला दिसतही नाही आणि सहा व्होल्टला तेवढाही पुरतो अडवायला. पॉइंटमध्ये कोरं व्हिजिटिंग कार्ड घालून ओढा, खड्डे पडले असतील तर अगदी बारीक पॉलिश पेपर, मग फीलर गेजने (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) पूर्ण उघडल्यावरचा गॅप ०.४ मिलिमीटर. पॉइंट उघडताना तिथेच मोठी ठिणगी उडत असेल किंवा गाडी थंड असताना चालते आणि तापली की बंद पडते असं असेल तर संशय कंडेन्सरवर. दुसरा लावून बघा, काही शे रुपयांच्या आत काम होतं.

एवढं केल्यावर बहुतेक गाड्या चालू होतात. आता तुलना.

पॉइंटची मला सर्वात आवडणारी गोष्ट म्हणजे ते सांगून बिघडतात. आधी स्टार्टिंग जड होतं, मग पिकअप पडतो, मग एखादा फटाका फुटतो, म्हणजे तुम्हाला वेळ मिळतो. कसारा घाटात गाडी बंद पडली तर एक स्क्रू ड्रायव्हर, कागदाचा तुकडा आणि खिशात ठेवलेला स्पेअर कंडेन्सर एवढ्यावर तुम्ही घरी येता. बुलेटवाल्यांना तर अजून एक सोय आहे, चावी ऑन करून किक हळूहळू दाबा, पॉइंट बंद असताना करंट दाखवणाऱ्या अँमीटरचा काटा मायनसकडे जातो आणि उघडले की मध्यावर येतो, म्हणजे गाडीचं एक बोल्टही न उघडता बॅटरी, वायरिंग आणि पॉइंट काम करतायत हे कळतं. सीडीआयचं तसं नसतं, ते चालतं तेव्हा झकास चालतं आणि जातं तेव्हा एका क्षणात जातं, काळा सीलबंद डबा, त्याला रस्त्यात कोण काय करणार, दुसरा डबा बरोबर असेल तर ठीक नाहीतर टेम्पो बोलवा.

पण मग रोज ऑफिसला गाडी नेणाऱ्याचा विचार करा. जावाचा डायनॅमो, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, ६ व्होल्ट ४५ वॅटचा, आणि इंजिन आयडलला असताना तो चार्जिंग जवळपास करतच नाही. संध्याकाळी सायनला किंवा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर हेडलाइट, ब्रेकलाइट, हॉर्न आणि कॉइल सगळं बॅटरीच्या जिवावर चालू असतं, गाडी दहा फूट सरकते आणि थांबते, असं आठवडाभर केलं की बॅटरी बसते आणि लोक म्हणतात पॉइंट खराब. इथे जावा-येझदीचं पूर्ण किट, म्हणजे डायनॅमो काढून क्रँकवर फिरणारा मॅग्नेट रोटर आणि स्थिर कॉइलचा स्टेटर, हे खरोखर दुसरंच आयुष्य देतं. इग्निशनला बॅटरी लागत नाही, लाइट बारा व्होल्टची होते, कॅमवर घासून झिजणारं काही राहत नाही. पॉइंटमध्ये फायबरची टाच झिजते, गॅप कमी होतो, टायमिंग मागे सरकतं, म्हणून कॅमला वंगण देणाऱ्या फेल्टला ग्रीसचा थेंब, अधूनमधून गॅप, हे करायलाच लागतं. ज्याच्याकडे रविवारची सकाळ नाही त्याने हे करीन अशी स्वतःला आशा लावू नये, त्याला किट घेऊ दे.

एक गोष्ट मात्र विकणारे स्पष्ट सांगत नाहीत. इलेक्ट्रॉनिक म्हणजे बॅटरीशिवाय, असं सरसकट नसतं. काही किट मॅग्नेटच्या स्वतःच्या कॉइलवर चालतात, काही बॅटरीवरच. बुलेटमध्ये पॉइंट वेगळ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये असतात आणि अल्टरनेटर दुसऱ्या बाजूला, म्हणून तिथे बऱ्याचदा फक्त पॉइंटच्या जागी पिकअप सेन्सर बसवतात, पॉइंटची झीज गेली पण बॅटरीची गरज तशीच राहिली. दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा, बॅटरी काढली तर स्पार्क येईल का? आणि दुसरा, हा डबा एकटा सुटा मिळतो का? सुटा मिळत नसेल तर ते किट कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

मधला रस्ताही आहे, पॉइंट तिथेच ठेवायचे पण पुढे ट्रान्झिस्टरचं मॉड्यूल लावायचं, म्हणजे पॉइंटमधून अगदी थोडा करंट जातो, ते जळत नाहीत, आणि मॉड्यूल गेलं तर वायर परत जुन्या जागी जोडून घरी येता येतं. बॅटरीचा प्रश्न यात सुटत नाही पण फक्त शनिवार-रविवार चालवणाऱ्याला मला हे सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

यामाहा आरएक्स १०० वाल्यांनी या वादात पडायचं कारण नाही, तिला कंपनीतूनच सीडीआय आहे, तिथे पल्सर कॉइल (सीडीआयला सिग्नल देणारी), कनेक्टर आणि अर्थची वायर बघा.

गाडी ५० वर्षांच्या पुढची असेल तर अजून एक विचार. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे विंटेज नोंदणी मिळते, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, नंबरात व्हीए अक्षरं येतात, पण गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल चालत नाहीत. अशा गाडीला मी पॉइंटच ठेवीन, साठीच्या दशकातल्या जावाचं कव्हर उघडल्यावर आत मूळ डायनॅमो दिसणं ह्यालाच तर किंमत आहे. शिवाय अशी गाडी सायनच्या ट्रॅफिकमध्ये रोज कोण नेतो.

आणि किटच घ्यायचं ठरलं तर बसवताना ह्या गोष्टी बघा. सगळे बल्ब, हॉर्न आणि बॅटरी बारा व्होल्टची घ्या, जुना सहाचा बल्ब राहिला तर पहिल्याच रात्री उडेल. प्लग कॅप रेझिस्टरवाली लावा. प्लग हेडला न टेकवता हवेत धरून स्पार्क बघायची सवय सोडा, डबा त्यानेच उडतो. टायमिंग डायल गेज (पिस्टनची जागा मोजायचं मीटर) लावून सेट करून घ्या, अंदाजाने नको, पुढे गेलं तर किक उलटी येऊन घोटा फुटतो. आणि निघालेला डायनॅमो, कॉइल, पॉइंटची प्लेट, अगदी स्क्रूसकट, मेकॅनिककडून मागून घ्या आणि ऑइल लावून डब्यात घरी ठेवा, डायनॅमोचा चांगला आर्मेचर (आतला फिरणारा भाग) आता चोर बाजारात काय आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडला काय, शोधूनही सहज मिळत नाही.