खोक्यावर ‘फोरके सपोर्ट’ लिहिलेला मॉनिटर घेताय? थांबा जरा

मुंबईत लॅमिंग्टन रोडला मॉनिटर घ्यायला जाणार असाल तर हे वाचून जा, माझ्या धाकट्या भावाला तिथल्या एका दुकानदाराने सरळ सरळ गंडवलंय.

भावाकडे एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आहे, चार जीबीवालं. त्याला २४ इंची १०८०पी (१९२० बाय १०८० पिक्सेल, म्हणजे ठिपके) मॉनिटर हवा होता आणि त्या कार्डला तोच योग्य आहे. पण दुकानदाराने मोबाईलवर एनव्हिडियाचं पेज उघडून दाखवलं, मॅक्सिमम रिझोल्यूशन ७६८० बाय ४३२०, म्हणे बघ तुझं कार्ड एटके खेचतं, १०८०पी घेऊन वाया कशाला घालवतोस, आणि ‘फोरके सपोर्ट’वाला २७ इंची मॉनिटर गळ्यात मारला. आकडा खरा आहे हो, पण तो कार्ड केबलमधून किती मोठं चित्र बाहेर पाठवू शकतं त्याचा आहे, गेम तेवढ्यावर पळेल असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. १०८०पी म्हणजे जवळपास २१ लाख पिक्सेल, फोरके म्हणजे ८३ लाख, चौपट काम आणि तेही प्रत्येक फ्रेमला! नवीन गेम १६५० वर १०८०पीलाच सेटिंग खाली आणून खेळावे लागतात.

बरं मॉनिटर तरी फोरके असावा ना, तोही नाही. घरी लावल्यावर गेम अडकत होता ते सोडा, मला अक्षरं बघूनच शंका आली, कडा सगळ्या पुसट. विंडोज ३८४० बाय २१६० वर, स्केल १०० टक्के, आणि पेंटमध्ये एकेक पिक्सेलच्या काळ्या-पांढऱ्या रेघा आलटून पालटून काढल्या. खऱ्या फोरकेवर डोळे जवळ नेले की रेघा सुट्या दिसतात, इथे नुसता राखाडी पट्टा. मग खोक्याच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरात सापडलं, पॅनल १९२० बाय १०८०. म्हणजे हा मॉनिटर फोरके सिग्नल घेतो आणि दाबून १०८०पीत दाखवतो, कार्डाने चौपट राबायचं आणि आपल्याला दिसणार तेच जुनं, संताप येतो अक्षरशः.

परत न्यायला गेलो तर बिलावर बोट ठेवलं, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. आणि बिलात काय, तर फक्त ‘२७ इंची एलईडी मॉनिटर’. म्हणून सांगतोय, बिलावर ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’, म्हणजे पॅनलवर खरोखर असलेले पिक्सेल, आकड्यात लिहून घ्या, लिहायला का-कू केली तर तिथून निघा, आणि रेघांचं चित्र पेनड्राइव्हवर नेऊन दुकानातच लावून बघा. खोटं सांगून माल विकणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, बिलावर काहीही छापलेलं असो. आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे (१९१५) तक्रार टाकलीये, खोक्याचे आणि त्या राखाडी पट्ट्याचे फोटो जोडून.